शाईचा समजून पुसलेला तारा

सासू घरी असते, ती बहुतेक जणींना असते. मला ती कामावरही होती, आणि तीही अशी की आमच्या दोघींच्या खुर्च्यांमध्ये जेमतेम चार हात अंतर. लग्न ठरलं तेव्हा हे ऐकून माझ्या मैत्रिणींनी कपाळाला हात लावला होता. आमची भांडणं झाली नाहीत असं मी मुळीच म्हणणार नाही. पण झाली ती सगळी घरी झाली. कामाच्या खोलीत आम्ही भांडत नसू, कारण तिथे हातात काच असायची.

आमची खोली वेधशाळेच्या तळघरात. वर मोठमोठी माणसं मोठमोठ्या पडद्यांवर आकाश बघतात आणि खाली आम्ही लोखंडी कपाटांच्या रांगांमध्ये जुनं आकाश सांभाळतो. पूर्वी दुर्बिणीतून फोटो काढायचे ते काचेवर. अशा त्रेचाळीस हजार काचा, प्रत्येक कागदी पाकिटात, प्रत्येक उभी ठेवलेली. शंभर वर्षांत कुठला तारा कधी किती उजळ होता हे दुसरीकडे कुठेही बघायला मिळणार नाही, म्हणून त्या सगळ्या स्वच्छ करून संगणकात चढवायच्या, असं काम. आईंनी ते चौदा वर्षं केलं. मी नऊ वर्षं त्यांच्या शेजारी बसून स्कॅनर चालवते.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्याआधी त्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काचपट्ट्या धुवायच्या. शिक्षण सातवीपर्यंत. उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण खोलीत त्यांच्यापुढे कुणाची मान वर होत नसे. आत येण्याआधी अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून दाराबाहेरच्या वाटीत टाकायच्या. हा नियम त्यांचाच. काच हातात असताना बोलायचं नाही हाही त्यांचाच, कारण बोलताना तोंडातली वाफ काचेवर जाते. त्यामुळे विभागप्रमुखसुद्धा काही विचारायला आले तर आई काच खाली ठेवेपर्यंत दारात ताटकळत उभे राहायचे. वरच्या मजल्यावर सगळे त्यांना कापूसबाई म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं, पण आवडतं असं दाखवतील तर त्या आमच्या आई कसल्या!

पुढचं कळायला काचेची एक गोष्ट सांगितली पाहिजे. तिला दोन बाजू असतात. एक गुळगुळीत, चकाकणारी. दुसरीवर रसायनाचा पातळ थर, आणि तारे असतात ते त्या थरात. आई त्याला कातडी म्हणतात. फोटो उलटा असतो, म्हणजे आकाश फिकट राखाडी आणि तारे काळे ठिपके. आता जुन्या संशोधकांना सवय अशी, की काच बघता बघता चकाकत्या बाजूवर शाईने खुणा करायच्या. बाण, गोल, आकडे, ठिपके. ही शाई स्कॅनमध्ये ताऱ्यासारखीच दिसते, तेव्हा ती पुसायलाच हवी. मी आधी खुणांसकट फोटो काढून ठेवते, मग आई काडीला कापसाचा बोळा गुंडाळून, तो ओला करून शाई पुसतात, मग मी स्कॅन करते. कातडीला मात्र फक्त कोरडा मऊ ब्रश. तिथे ओला बोळा लागला तर थर सुटतो आणि थराबरोबर तारा जातो. पुन्हा काही तो मिळत नाही.

पाहुणे आले की विभागप्रमुख त्यांना हमखास खाली आणायचे आणि छाती फुगवून सांगायचे, "चौदा वर्षं, त्रेचाळीस हजार काचा, एकही खराब नाही!" आई मान खाली घालायच्या. मला वाटायचं, बाई लाजल्या. मला मेलीला तेव्हा काय ठाऊक.

त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले असताना घाईबाईचं संशोधन पुरं झालं. घाईबाई ही वरची संशोधक, वय अठ्ठावीस, जिना कधी एकेका पायरीने उतरलेली मी पाहिली नाही, म्हणून आम्ही ठेवलेलं नाव. मुलगी हुशार आणि मनाने चांगली. आमच्या काचांवर काम करणारे पुष्कळ, पण खाली येऊन आमच्याबरोबर डबा खाणारी तेवढी एकच. तिने संगणकाकडून सगळ्या काचा एकमेकींशी ताडून घेतल्या होत्या. आधीच्या काचेवर तारा आहे, नंतरच्या काचेवर आहे आणि मधल्या एकीवर मात्र नाही, असं कुठे झालंय का, हा तिचा प्रश्न. असे अकरा तारे सापडले.

"म्हणजे तो गेला कुठे?" मी विचारलं.

"गेला नाही हो. झाकला गेला. काही ताऱ्यांना न दिसणारा जोडीदार असतो आणि त्याच्याभोवती धुळीची मोठी थाळी फिरत असते. ती आपल्या आणि ताऱ्याच्या मधे आली की तारा काही आठवडे दिसतच नाही. मग थाळी सरकते, तारा परत. असे तारे फार थोडे सापडलेत. आणि आपल्याकडे अकरा!" ती एका दमात म्हणाली आणि अकराही चित्रं आमच्या भिंतीवर चिकटवून टाकली. "तुमच्या काचांचं आहे, तुमच्याकडेच राहू दे. ही चौथी बघा. इतर काचांवर तारा चांगला ठळक, आणि ही काच एकदम स्वच्छ. माझा सगळा शोधनिबंध हिच्यावर उभा आहे."

आई कौतुकाने उठल्या आणि चित्रं बघू लागल्या. चौथ्यापाशी थांबल्या. खालचा काचेचा क्रमांक त्यांनी चष्मा वर करून वाचला, मग चष्मा लावून वाचला. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. दुपारी त्या कपाटातून ती काच घेऊन आल्या, टेबलावरचा दिवा आडवा केला आणि काच तिरकी धरून बराच वेळ बघत बसल्या. काही विचारायची सोय नव्हती, हातात काच होती.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी भाजी चिरत होते. आई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तो तारा कुठं गेलेला नाही," त्या म्हणाल्या. "मी पुसलाय."

"कोणता?"

"चौथा."

मी सुरी खाली ठेवली. त्यांनी सांगितलं ते असं. नोकरीचा पहिला महिना. काच पाकिटात उलटी घातलेली होती आणि कोणती बाजू कोणती हे त्यांनी दिव्यात धरून पाहिलं नाही, घाई केली. आजूबाजूला शाईचे ठिपके होते, त्यातलाच एक समजून त्यांनी ओला बोळा टेकवून अर्धा फिरवला. बोळा उचलला तर शाई निळी यायची ती आली काळी. तिथेच कळलं, काय झालं ते. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, आणि पुसण्याआधी फोटो काढून ठेवायची पद्धत तेव्हा अजून आली नव्हती. नोकरी पक्की होण्याआधीचे तीन महिने परीक्षेचे होते, घरात पगार त्यांचा एकटीचा, माझा नवरा तेव्हा कॉलेजात. त्यांनी काच वाळवली, पाकिटात घातली आणि कुणाला काही सांगितलं नाही. दिव्यात धरल्याशिवाय काचेला हात लावायचा नाही हा नियम त्यांनी दुसऱ्या दिवसापासून स्वतःला लावला तो शेवटपर्यंत.

"शुक्रवारी तिचं भाषण आहे," आई म्हणाल्या. "बाहेरचे लोक येणारेत. त्याच्या आत सांगायला हवं."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं ते सगळं इथे लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. म्हटलं, आई, गप्प बसा ना. दोन महिने राहिलेत. चौदा वर्षं ज्या नावासाठी मान मोडून काम केलंत त्याला स्वतःच्या हाताने काळं फासणार का? अकरातला एक चुकला तर काय आकाश कोसळणार आहे? आणि उद्या मलाही लोक विचारतील, त्याचं काय?

"अकरातला एक नाही गं. ती पोरगी त्या एकावरच उभी आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "उद्या जगभरचे लोक दुर्बिणी लावून बसतील, हा पुन्हा कधी झाकतो म्हणून. वर्षानुवर्षं बसतील. माझ्या बोळ्याची वाट बघत."

मी पुन्हा भाजी चिरायला लागले आणि ती नको इतकी बारीक चिरली.

घाईबाईला आधी एकटीला सांगायचं आईंनी दोनदा ठरवलं, पण ती बाहेरच्या पाहुण्यांना आणायला गेलेली ती शुक्रवारी सकाळीच उगवली. भाषण सुरू झालं तेव्हा आम्ही दोघी सभागृहात मागच्या रांगेत. चौथं चित्र पडद्यावर आलं तशा आई उठल्या. मांडीवर पाकीट होतं, त्यात ती काच. पुढे जाईपर्यंत सगळे माना वळवून बघत होते. कुणाला वाटलं असेल, पाणी द्यायला निघाल्यात.

"हा तारा तुम्ही मोजू नका, बाळ," त्या घाईबाईला म्हणाल्या. "हा माझ्या हातून पुसला गेलाय. चौदा वर्षांपूर्वी. तिरप्या उजेडात धरा, तेवढ्याच जागी कातडी नाही, नुसती काच चमकते. सांगायला उशीर केला, ती चूक वेगळी."

घाईबाईने काच धरून पाहिली. तिचा चेहरा मला आजही आठवतो. तिने काच आईंच्या हातात परत दिली. बोलले ते विभागप्रमुख.

"अजून किती?"

"ही एकच."

"कशावरून मानायचं? त्रेचाळीस हजार काचा तुमच्या हाताखालून गेल्यात. आता त्यांच्यातल्या कुठल्या ताऱ्यावर विश्वास ठेवायचा आम्ही?"

हाच माणूस पाहुण्यांपुढे छाती फुगवत होता. मी ताडकन उठणार होते, पण आईंनी लांबूनच माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा बसले.

"मानू नका," त्या म्हणाल्या. "तपासा. बाकीच्या दहा काचा मला द्या. कुठली धड, कुठली नाही, ते मी कागदावर लिहून तुमच्याकडे बंद करून देते. मग तुम्ही त्या यंत्राखाली घाला. एक जरी चुकली तर माझं सगळं काम खोटं धरा."

चौदा वर्षांची सगळी मेहनत त्या बाईने दहा काचांवर लावली. भर सभेत, बाहेरच्या लोकांसमोर. मला तेव्हा राग आला होता, भीती वाटली होती, आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी मला अभिमानही वाटला. ही माझी सासू, असं उठून ओरडून सांगावंसं वाटलं.

सोमवारपासून तपासणी. घाईबाई रोज खाली येऊन हाताची घडी घालून आईंच्या मागे उभी राहायची. डबा आणत नव्हती. बोलत नव्हती. विभागप्रमुखांनी मला स्कॅनरवरून उठवून वर पाठवलं होतं, उगाच सासूसुनेचा संशय नको म्हणून. तेव्हा खालची हकिगत मला संध्याकाळी आईंकडून कळायची. दिवा कधी आडवा, कधी मागून, कधी अगदी टेबलालगत. एकेका काचेला अर्धा दिवस. त्या बुरशीने खाल्लेली जागा ओळखत, साठ वर्षांपूर्वी कुणीतरी लावलेलं बोट ओळखत, कारखान्यातच थराला आलेला फोड ओळखत. दहापैकी सहा काचांवर त्यांनी लिहिलं, "कातडी गेली आहे, तारा धरू नये." चारांवर लिहिलं, "कातडी धड आहे. तारा खरंच नाही."

सहाव्या दिवशी काचा संपल्या तेव्हा आईंनी कोपऱ्यातल्या खोक्याकडे बोट दाखवलं. "आणि ह्या?"

"त्या मी आधीच काढून टाकल्यात," घाईबाई म्हणाली. तिचं बोलणं एवढंच, पण बोलली. "डाग पडलेल्या आहेत. तिथं तारा असला काय, नसला काय, कळणारच नाही."

आईंनी त्यातली पहिलीच उचलली. आडवा तपकिरी डाग, वार्निश सांडल्याचा. पूर्वी एकदा त्यांनी तो काढायचा प्रयत्न केला होता आणि निघत नाही म्हणून जोर न करता सोडून दिला होता. त्यांनी काच दिव्यात धरली, उलटी केली, पुन्हा धरली, खाली ठेवली.

"डाग चकाकत्या बाजूला आहे. खाली कातडी शाबूत आहे. मला दोन दिवस द्या."

दोन दिवस त्या डागावर ओला बोळा ठेवायच्या, उचलायच्या, पुन्हा ठेवायच्या. घासायचं नाव नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी डाग सालीसारखा सुटून आला. खाली राखाडी आकाश स्वच्छ, भोवतीचे सगळे बारीक ठिपके जागच्या जागी, आणि जिथे घाईबाईला तारा हवा होता तिथे काहीही नाही. आईंनी तेही लिहून बंद केलं.

घाईबाईने आकाशातली ती जागा वहीत पाहिली आणि खाली बसली. तिच्या अकरांमधला नववा तारा आणि हा तारा एकच होता. नववी काच धड, असं आईंनी आधीच लिहून दिलेलं होतं. दोन काचांमध्ये एकतीस वर्षांचं अंतर. मधल्या वर्षांच्या सगळ्या काचांवर तारा आपल्या जागी. आणि नवव्या काचेला यंदा तीस वर्षं पुरी होत होती.

"म्हणजे पुढच्या वर्षी?" आईंनी विचारलं.

"तुमचं खरं असेल तर," ती म्हणाली.

शेजारच्या इमारतीतल्या प्रयोगशाळेने त्या दहा आणि ही डागाची, अशा अकरा काचा मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या. तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत आईंनी घरची प्रत्येक खिडकी पुसली आणि माझ्या नवऱ्याचा चष्मा इतक्या वेळा पुसला की तो वैतागून तो आरशामागे लपवून ठेवायला लागला. मी एकदाही टोमणा मारला नाही, यावरून काय ते समजा.

अहवाल आला त्या दिवशी मी पुन्हा माझ्या जागेवर होते. विभागप्रमुख हातात कागद घेऊन दारात आले. आईंच्या हातात काच होती. ते पंधरा मिनिटं उभे राहिले. आईंनी काच खाली ठेवली तेव्हा ते म्हणाले, "अकराच्या अकरा बरोबर, बाई. भर सभेत मी तसं बोलायला नको होतं."

"विचारलंत ते बरोबरच विचारलंत," आई म्हणाल्या. "मीसुद्धा विचारलं असतं." मी असते तर त्यांना अजून थोडं उभं ठेवलं असतं, पण आईंचा स्वभाव तसा नाही.

महिन्याभरात आई निवृत्त झाल्या. सत्कार नको म्हणाल्या, म्हणून झाला नाही. नुसता चहा झाला. घाईबाईने निबंध मुळापासून पुन्हा लिहिला. त्यात काचा तपासणारी म्हणून आईंचं नाव आहे, संशोधकांच्या रांगेत, सातवी शिकलेल्या माझ्या सासूचं! आणि चौथ्या काचेवरचा तारा स्वच्छ करताना पुसला गेला, कुणाच्या हातून, हेही त्यात आहे. ती ओळ गाळू या असं घाईबाई म्हणाली होती. आईंनी गाळू दिली नाही. एका नावाने दोन्ही छापलं गेलं.

पुढच्या वर्षी थंडी पडली आणि परदेशातल्या एका मोठ्या दुर्बिणीने त्या ताऱ्यासाठी रोज थोडा वेळ दिला. पहिले कित्येक आठवडे काहीच झालं नाही. तारा ठणठणीत. घाईबाईचा फोन यायचा, "अजून नाही." आई म्हणायच्या, "बरं," आणि फोन ठेवून पुन्हा खिडकी पुसायला लागायच्या.

एका रविवारी सकाळी घंटी वाजली. घाईबाई दारात, केस विस्कटलेले, धापा टाकत. आमच्या घरी ती पहिल्यांदाच आली होती. आई ओट्यापाशी मटार सोलत बसल्या होत्या. तिने बॅगेतून एक कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. कागदावर ठिपक्यांची रांग, डावीकडून सरळ आलेली आणि उजवीकडे हळूहळू खाली उतरत गेलेली.

"वरती अजून कुणाला दाखवलं नाही," ती म्हणाली. "गेल्या नऊ दिवसांतलं आहे. आधी तुम्ही बघा. यात कुणाचा हात लागलाय का, ते सांगा."

आईंनी हात पुसले, चष्मा लावला. कागद त्यांनी सवयीने तिरका धरला, मग त्यांचं त्यांनाच हसू आलं आणि त्यांनी तो सरळ केला. एकेका ठिपक्यावरून बोट न टेकवता फिरवत त्या शेवटापर्यंत गेल्या.

"नाही गं बाळ," त्या म्हणाल्या. "हा आपला आपणच मावळतोय."

घाईबाईने त्यांच्या गळ्यात हात टाकले आणि दोघी रडायला लागल्या. मी गॅसवर चहाचं आधण ठेवायला वळले, कारण मलाही रडू आवरत नव्हतं.